फॅन्टसी हॉकीत कोणास राखावे, कोणास सोडावे?

ऑगस्ट सरत आला की टोरांटो-मिसिसॉगापासून न्यू जर्सीपर्यंतच्या, आणि अलीकडे परदेशी कचेऱ्यांतील सहकाऱ्यांच्या आग्रहावरून पुण्या-मुंबईहूनही या खेळात सामील झालेल्या वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येऊ लागतो: आमच्या लीगमध्ये पुढील हंगामासाठी चार खेळाडू राखण्याची मुभा आहे, जवळ सात चांगले खेळाडू आहेत, तर कोणते चार ठेवावेत? प्रश्नासोबत सात नावे असतात. परंतु लीगमध्ये संघ किती, राखण्याची किंमत काय, गुण कशाकशाचे मिळतात आणि ड्राफ्टमध्ये आपली पाळी कितवी, यांपैकी एकही गोष्ट बहुधा लिहिलेली नसते, आणि या चार गोष्टी कळल्यावाचून त्या सात नावांचा निवाडा करणे कोणालाही शक्य नाही.

ज्यांना हा प्रकार सर्वस्वी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिका व कॅनडा येथील एनएचएल या बर्फावरील हॉकीच्या स्पर्धेत ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ आजवर ८२ सामने खेळत आला असून नव्या करारानुसार २०२६-२७ पासून ही संख्या ८४ होते. फॅन्टसी लीगमधील प्रत्येक सभासद या खेळाडूंतून ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, किंवा लिलावात आपला कल्पित संघ निवडतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून गुण मिळवितो. आयपीएलच्या मोठ्या लिलावापूर्वी संघमालक काही खेळाडू कायम राखतात, त्याच धर्तीवर ज्या लीगमध्ये जुने खेळाडू पुढे चालविता येतात तिला कीपर लीग म्हणतात.

या लेखाचा सारा भर एका तुलनेवर आहे. ज्या मोबदल्यात आपण एखाद्या खेळाडूला राखता, त्याच मोबदल्यात खुल्या ड्राफ्टमध्ये आपल्याला दुसरे काय मिळाले असते, हे पाहावे. गतहंगामात त्याने आपल्याला अजिंक्यपद मिळवून दिले असले, तरी त्या उपकाराची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही.

प्रथम नियमावली, मग नावे

खेळाडूंची यादी हाती घेण्यापूर्वी लीगच्या कमिशनरकडून, म्हणजे ती चालविणाऱ्या सभासदाकडून, पुढील मुद्द्यांचा लेखी खुलासा मिळवावा.

- जास्तीत जास्त किती खेळाडू राखता येतात, आणि त्याहून कमी राखल्यास रिकाम्या जागेच्या बदल्यात ड्राफ्टमधील निवड मिळते की ती जागा वाया जाते?
- राखण्यास किंमत आहे काय? काही लीगमध्ये ती नसते. काहींत खेळाडू ज्या फेरीत घेतला ती फेरी, किंवा तिच्या आधीची, गमवावी लागते. लिलावाच्या लीगमध्ये जुन्या बोलीवर ठरावीक वाढ द्यावी लागते. आणि काही लीगमध्ये एनएचएलमधील खराखुरा पगारच हिशेबात धरतात.
- एकच खेळाडू किती वर्षे राखता येतो?
- जो ड्राफ्टमध्ये घेतलाच नव्हता, हंगामाच्या मध्यात खुल्या यादीतून उचलला, त्याची किंमत कोणती धरावयाची?
- अदलाबदलीत आलेल्या खेळाडूची जुनी किंमत त्याच्याबरोबर येते काय?

शेवटचे दोन मुद्दे क्षुल्लक भासतात, परंतु बहुतेक तंटे यांच्यावरूनच उद्भवतात. खुल्या यादीतून उचललेल्या खेळाडूस शेवटच्या फेरीची किंमत लावणाऱ्या लीगमध्ये फेब्रुवारीत उचललेला एखादा तरुण विंगर (कडेचा आक्रमक) आपल्या पहिल्या फेरीच्या मानकऱ्याहूनही अधिक मोलाचा ठरू शकतो.

किंमत नसलेली लीग

येथे हिशेब सर्वांत सोपा असतो. बारा संघांनी प्रत्येकी चार खेळाडू राखले, म्हणजे ४८ खेळाडू बाजारातून उठले. सबब ड्राफ्टची तथाकथित पहिली फेरी वस्तुतः एकोणपन्नासाव्या खेळाडूपासून सुरू होते. आपला चौथा खेळाडू सर्वसाधारण मानांकनात पन्नासाच्या आत बसतो काय, एवढेच पाहावयाचे. तो सत्तराव्या स्थानाचा असेल आणि रिकाम्या जागेच्या बदल्यात निवड मिळत असेल, तर त्याला निःशंकपणे सोडावे; तो बहुधा पुढच्या फेरीपर्यंत आपल्यासाठी शिल्लकही राहील. अशा लीगमध्ये वयाला अधिक महत्त्व येते, कारण राखलेला खेळाडू वर्षानुवर्षे विनामूल्य आपल्याजवळ राहणार असतो.

फेरीची किंमत असलेली लीग

खरा गोंधळ येथे होतो, म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. २०२५ च्या सप्टेंबरातील स्थिती घ्या. बारा संघ, सोळा फेऱ्या, तीन खेळाडू राखण्याची मुभा, आणि किंमत म्हणजे खेळाडू ज्या फेरीत घेतला तिच्या आधीची फेरी. समजा आपल्या संघात चार नावे आहेत: कोलोरॅडोचा बचावपटू केल मकार, जो दुसऱ्या फेरीत घेतल्यामुळे आता पहिल्या फेरीला पडतो, विनिपेगचा गोलरक्षक कॉनर हेलेबक, तिसऱ्या फेरीला, सॅन होजेचा मॅकलिन सेलेब्रिनी, नवव्या फेरीला, आणि वॉशिंग्टनचा टॉम विल्सन, अकराव्या फेरीला.

बहुतेक सभासद प्रथम हेलेबकचे नाव लिहितील, कारण २०२४-२५ मध्ये ४७ विजय मिळवून त्याने व्हेझिना (सर्वोत्तम गोलरक्षक) आणि हार्ट (सर्वाधिक मोलाचा खेळाडू) हे दोन्ही मान पटकावले होते. परंतु तिसऱ्या फेरीत त्याला घेणे म्हणजे त्याचा बाजारभाव जवळजवळ पुरता चुकता करणे होय. लाभ अल्प, आणि गोलरक्षकाची जोखीम मात्र संपूर्ण आपल्या माथी. याउलट सेलेब्रिनी, जो २०२४ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेला आणि ज्याने पहिल्याच हंगामात ७० सामन्यांत ६३ गुण (गोल व असिस्ट मिळून) केले, तो नवव्या फेरीला मिळत असताना त्याच्या तोडीचा दुसरा कोणी त्या फेरीत आपल्या हाती लागणे असंभवनीय आहे. विल्सनने त्याच हंगामात ३३ गोल केले, आणि त्याच्या अंगच्या धडाडीमुळे हिट्सची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धडकांची, गणना होणाऱ्या लीगमध्ये तो अकराव्या फेरीला अत्यंत स्वस्त पडतो. मात्र केवळ गोल व असिस्ट मोजणाऱ्या लीगमध्ये हा लाभ पुष्कळच घटतो.

राहिला मकार. तो पहिल्या फेरीचाच खेळाडू आहे आणि पहिली फेरीच देऊन राखावयाचा आहे, तेव्हा लाभ शून्य, असे कागदावर दिसते. येथे आपली ड्राफ्टमधील पाळी विचारात घ्यावी. पाळी दुसरी असेल तर मकार, किंवा त्याच्या तोलाचा दुसरा कोणी, आपल्याला तसाही मिळाला असता. पाळी अकरावी असेल तर तो आपल्यापर्यंत कदापि पोहोचला नसता, आणि तीच पहिली फेरी देऊन त्याला राखणे हा मोठा फायद्याचा व्यवहार ठरतो. अकराव्या पाळीच्या सभासदाने, हिट्स मोजल्या जात असतील तर, सेलेब्रिनी, मकार आणि विल्सन यांना राखून हेलेबकला सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीत आणखी एक सापळा आहे. फेऱ्यांचा फरक मोजताना सर्व फेऱ्या समान मूल्याच्या धरू नयेत. पहिल्या व तिसऱ्या फेरीतील खेळाडूंमध्ये जे अंतर असते ते दहाव्या व बाराव्या फेरीत आढळत नाही. चौदाव्या फेरीला पडणारा आणि नवव्या फेरीच्या योग्यतेचा खेळाडू पाच फेऱ्यांचा नफा दाखवितो खरा, परंतु त्या योग्यतेचे खेळाडू नोव्हेंबरात खुल्या यादीवर विनामूल्य सापडतात. तिसऱ्या फेरीला मिळणारा पहिल्या फेरीचा खेळाडू दोनच फेऱ्यांचा नफा देत असूनही अधिक श्रेयस्कर होय.

लिलावाची लीग

लिलावात प्रकाशित भावपत्रकावर विसंबू नये, कारण ते कोणीही खेळाडू राखलेला नाही असे गृहीत धरून तयार केलेले असते. बारा संघांजवळ प्रत्येकी २०० डॉलर, म्हणजे एकूण २,४०० डॉलर आहेत असे धरा. सर्वांनी मिळून जे खेळाडू राखले त्यांचे खरे मोल १,२०० डॉलर असून राखणीची बेरीज मात्र ७०० डॉलरच झाली, तर बाजारात १,२०० डॉलरचा माल उरतो आणि तो विकत घेण्यास १,७०० डॉलर उरतात. अर्थात डॉलरभर मोलाच्या खेळाडूस सुमारे एक डॉलर बेचाळीस सेंट पडू लागतात, आणि पत्रकात ज्याचा भाव ४० डॉलर आहे तो लिलावात ५७ च्या घरात जातो. म्हणून ४५ डॉलरला त्याला राखणे, जे पत्रकाप्रमाणे तोट्याचे दिसते, ते प्रत्यक्षात किफायतीचे असते. हे गणित करण्यास इतर संघांच्या राखणीचा अंदाज लागतो; तो बांधण्यासाठी एक संध्याकाळ खर्ची घालणे सार्थकी लागते.

गतहंगामाचे आकडे वाचताना

एकाच हंगामाच्या आकड्यांवर भरवसा ठेवण्याचे दुष्परिणाम दाखविण्यास कार्लसन आडनावाचे दोन खेळाडू पुरेसे आहेत. विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये व्हेगासच्या नव्या संघाकडून ४३ गोल केले, तेव्हा त्याच्या शॉट्सपैकी २३.४ टक्के जाळ्यात गेले होते. लीगची सरासरी दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास असते. असे प्रमाण टिकणे दुर्घट होते आणि ते टिकले नाही. पुढील हंगामात त्याचे गोल २४ झाले. मात्र हा दंडक सर्वांना सरसकट लावू नये, कारण लिऑन ड्रायसायटलसारखा एखादा नेमबाज वर्षानुवर्षे वीस टक्क्यांच्या आगेमागेच राहतो आणि त्याच्या बाबतीत तोच स्वभाव मानला पाहिजे. तुलना खेळाडूच्या स्वतःच्या तीन-चार वर्षांच्या सरासरीशी करावी.

दुसरा एरिक कार्लसन. २०२२-२३ मध्ये सॅन होजेच्या दुर्बळ संघात, जेथे आक्रमणाची सारी सूत्रे त्याच्याच हाती होती, त्याने बचावपटू असूनही १०१ गुण केले. त्या उन्हाळ्यात तो पिट्सबर्गला गेला, जेथे पॉवर प्लेचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाचे) जुने कारभारी अगोदरच विराजमान होते, आणि पुढील हंगामात त्याचे गुण ५६ भरले. संघ बदलला की बर्फावरील वेळ, जोडीदार आणि पॉवर प्लेमधील स्थान बदलते; म्हणून राखणीची यादी देण्यापूर्वी जुलैतील करार आणि अदलाबदली अवश्य तपासाव्यात.

दुखापतग्रस्ताचे आकडे सामन्यांच्या संख्येने भागून पाहावेत. किरिल काप्रिझोव्ह २०२४-२५ मध्ये ४१ सामनेच खेळला, परंतु त्यांत त्याने ५६ गुण केले. एकूण गुणांवर नजर टाकणाऱ्या सभासदास तो मध्यम वाटेल. सामन्यागणिक पाहणारा त्याला कधीच सोडणार नाही.

वय आणि आशा

आक्रमक खेळाडूंचा गुणोत्कर्ष बहुधा पंचविशीच्या आगेमागे असतो, बचावपटू थोडे उशिरा पक्व होतात, गोलरक्षक त्याहूनही उशिरा. तरीही ऍलेक्स ओवेच्किनने २०२४-२५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पाय मोडून काही आठवडे बाहेर राहूनही ४४ गोल केले आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला. यंदाचेच अजिंक्यपद हवे असेल तर वयाला भिऊ नये.

तरुणांविषयी मात्र वाचकांत एक अतिरेकी श्रद्धा दिसते. जॅक ह्यूजेस २०१९ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिला. पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत त्याचे गुण अवघे २१, आणि २०२२-२३ मध्ये ९९. ज्यांनी धीर धरला त्यांचे कल्याण झाले. परंतु त्याच्या पुढच्याच वर्षी पहिला निवडलेला ऍलेक्सिस लाफ्रेनिएर पहिल्या हंगामात तेवढेच २१ गुण करून चौथ्या हंगामात ५७ पर्यंत पोहोचला, आणि पाचव्यात पुन्हा ४५ वर आला. ड्राफ्टमधील क्रमांक हा केवळ उमेदवारीचा दाखला आहे. राखणीला वर्षांची मर्यादा असेल, तर आशेच्या खेळाडूची उमेदवारी आपल्या खर्चाने पार पडून त्याचा बहर भलत्याच्याच संघात यावयाचा. तीन वर्षांच्या मर्यादेच्या लीगमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास राखण्यापूर्वी याचा नीट विचार करावा.

गोलरक्षक व बचावपटू

गोलरक्षकाचे आकडे त्याच्या संघाच्या आकड्यांपासून विलग करता येत नाहीत. लायनस उल्मार्कने २०२२-२३ मध्ये, बोस्टनने ६५ सामने जिंकून विक्रम केला त्या हंगामात, ४० विजय मिळवून व्हेझिना करंडक पटकावला. पुढील हंगामात, संघ तोच असूनही, त्याचे विजय २२ झाले, आणि त्यानंतर त्याची रवानगी ऑटावाला झाली. गोलरक्षकास राखावयाचेच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात: तो निर्विवादपणे पहिल्या क्रमांकाचा आहे काय, त्याच्या संघाचा बचाव शाबूत आहे काय, आणि त्याच्या कराराची पुरेशी वर्षे उरली आहेत काय. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी नकारार्थी आले, तरी ती जागा आक्रमक खेळाडूस द्यावी.

बचावपटूंच्या बाबतीत दुर्मिळतेचा विचार लागतो. एनएचएलचे बहुतेक संघ पॉवर प्लेवर चार आक्रमक आणि एकच बचावपटू पाठवितात. म्हणजे सबंध लीगमध्ये ती लाभाची जागा सुमारे बत्तिसांनाच मिळते, आणि बारा संघांच्या आपल्या लीगमध्ये प्रत्येकी चार बचावपटू लावावयाचे झाल्यास गरज ४८ ची असते. त्यामुळे गुण सारखेच असतील तर सेंटरपेक्षा (मधल्या आक्रमकापेक्षा) बचावपटू राखावा. सेंटर या जागी खेळाडू विपुल असतात. परंतु ज्या सेंटरला आपली लीग विंगर म्हणूनही लावू देते त्याचे मोल त्याच प्रमाणात वाढते.

सोडण्यापूर्वी अदलाबदल

राखण्यायोग्य खेळाडू मर्यादेपेक्षा जास्त असतील, तर जास्तीचे खेळाडू फुकट सोडून देण्याआधी अशा सभासदांकडे जावे ज्यांच्याजवळ राखण्यासारखे कोणीच नाही. आपला पाचवा खेळाडू त्यांचा दुसरा असू शकतो. दोन चांगले देऊन एक उत्तम घ्यावा, अथवा वरच्या फेरीची निवड मागावी. ही बोलणी मुदतीच्या आदल्या दिवशी सुरू केल्यास समोरच्याला आपली निकड कळते आणि भाव पडतो. पंधरा-वीस दिवस आधीच विषय काढावा. आपल्याला कोणाला सोडावयाचे आहे, हे मात्र कोणासही सांगू नये.

सभासद म्हणून आपले हक्क

लीग मित्रमंडळींची असली तरी ती एका करारावर चालते, आणि त्या करारान्वये पुढील गोष्टी मागण्यात संकोच बाळगू नये.

- नियमांतील फेरफार पुढील हंगामापासूनच अमलात यावा. राखणीच्या किमतीत पूर्वलक्षी बदल करण्याचा मसुदा आल्यास लेखी हरकत नोंदवावी, कारण सभासदांनी गेल्या हंगामातील व्यवहार जुन्या नियमाच्या भरवशावर केलेले असतात.
- कमिशनरचाही संघ त्याच लीगमध्ये असतो. त्याच्या स्वतःच्या व्यवहारावर तक्रार आल्यास निकाल दुसऱ्या दोन-तीन सभासदांनी द्यावा, अशी तजवीज आधीच करून घ्यावी.
- सर्वांच्या याद्या एकाच वेळी जाहीर व्हाव्यात. आपल्या यादीवरून दुसऱ्यास आपली यादी बदलण्याची संधी मिळता कामा नये.
- जो सभासद पुढील वर्षाची निवड आज देऊन टाकतो, त्याच्याकडून पुढील वर्षाची वर्गणी आगाऊ घ्यावी. ही अट नसली तर भविष्य विकून निघून जाणाऱ्या सभासदाचा उजाड संघ इतरांच्या माथी पडतो.

भारतातून खेळणाऱ्यांनी वर्गणी व बक्षिसाच्या रकमेबाबत विशेष सावध राहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले आहेत. आपले परदेशस्थ सहकारी काहीही म्हणोत, आपण बिनपैशाच्या लीगमध्येच सामील व्हावे.

यादी दाखल करताना

मुदत ‘१५ सप्टेंबर, मध्यरात्र’ अशी लिहिलेली असेल, तर ती चौदा तारखेची रात्र संपतानाची की पंधरा तारखेची, हे विचारून घ्यावे. ईस्टर्न टाइमची मध्यरात्र म्हणजे सप्टेंबरात भारतातील सकाळचे साडेनऊ, आणि व्हँकुव्हरमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ. यादी दोन दिवस आधीच भरून ठेवावी, कारण मुदतीपर्यंत ती बहुधा बदलता येते. शेवटच्या दिवशी सकाळी दुखापतींच्या व सराव-शिबिरांच्या बातम्या पाहून एखादे नाव बदलावेसे वाटल्यास बदलावे. यादी दाखल झाल्यावर पानाचे छायाचित्र काढून जपून ठेवावे आणि तेच कमिशनरकडेही पाठवून पोच घ्यावी. मुदत चुकलेल्या सभासदाच्या बाबतीत काही लीगमध्ये गतवर्षीची सर्वांत वरच्या फेरीची नावे आपोआप राखली जातात, काहींत एकही नाव राखले जात नाही. आपल्या लीगमध्ये यांपैकी कोणते कलम लागू आहे ते नियमावलीत शोधावे, आणि तसे कलम नसल्यास ते घालण्याची सूचना ड्राफ्टपूर्वीच मांडावी.